तीन धुराड्यांचे जहाज आणि 'काउंटी' वर्गाचे पातळ चिलखत

प्रश्न (जुळे सोलापूर)

सर्वांना नमस्कार. माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर, म्हणजे जहाजाचे बॉयलर सांभाळणारे, होते आणि स्वातंत्र्यानंतर त्यांची बरीच वर्षे आयएनएस 'दिल्ली'वर गेली. घरी माग, आजूबाजूला सगळीकडे मागांचाच खडखडाट, अशा घरातला मुलगा समुद्रावर कसा गेला ते त्यांनी कधी नीट सांगितले नाही. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत पोस्टकार्डाएवढे एक छायाचित्र आहे. त्यात नांगरलेली एक मोठी युद्धनौका दिसते. तिच्या बाजू उंच आहेत, तिला तीन धुराडी आहेत, आणि पुढे दोन व मागे दोन असे जोडतोफांचे चार बुरूज आहेत. मागच्या बाजूला पेन्सिलीने 'त्रिंको, १९४४' एवढेच लिहिले आहे, म्हणजे त्रिंकोमाली बंदर असावे.

घरात सगळे हिला 'दिल्ली' म्हणत आले आहेत, पण मला ते पटत नाही, कारण 'दिल्ली' आपल्याकडे १९४८ साली आली आणि तिच्या कोणत्याही छायाचित्रात एकच रुंद धुराडे दिसते. शोधता शोधता मी ब्रिटिश आरमाराच्या 'काउंटी' वर्गाच्या, म्हणजे एकाच मूळ आराखड्यावर बांधलेल्या, जड क्रूझरपर्यंत (लांब पल्ल्याच्या वेगवान युद्धनौकांपर्यंत) येऊन पोहोचलो आहे आणि तिथे माझा गोंधळ वाढला आहे. या नौकांना 'जड' म्हणतात, पण त्यांच्या बुरुजांचे चिलखत जेमतेम एक इंच जाडीचे होते असे वाचले. मग जड ते काय? शिवाय याच वर्गातल्या 'कॉर्नवॉल' आणि 'डोर्सेटशायर' ५ एप्रिल १९४२ रोजी सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) नैऋत्येला जपानी विमानांनी पाऊण तासाच्याही आत बुडवल्या, हेही वाचले. हा आराखड्याचा दोष मानावा का? आणि छायाचित्रातली नौका कोणती असावी, हे कोणी सांगू शकेल का?

उत्तर (रेल्वे लाइन्स)

आपला प्रश्न वाचून फार आनंद झाला. मी गेली पंधरा वर्षे कागदी आणि प्लास्टिकच्या जहाजांच्या प्रतिकृती बनवतो आणि त्यांपैकी तीन याच वर्गाच्या आहेत. छायाचित्राकडे शेवटी येतो, आधी 'जड' या शब्दाचा उलगडा करतो.

१९२२ च्या वॉशिंग्टन तहात क्रूझरवर दोन बंधने घातली गेली: वजन १०,००० टनांपेक्षा जास्त नको आणि तोफेचा व्यास ८ इंचांपेक्षा जास्त नको. हे आकडे हवेतून आले नव्हते. ब्रिटनकडे त्या वेळी 'हॉकिन्स' वर्गाच्या साडेसात इंची तोफांच्या, जवळजवळ १०,००० टनांच्या नव्या क्रूझर होत्या आणि त्या मोडीत काढायला ब्रिटन तयार नव्हते, म्हणून मर्यादेची रेषा त्यांच्या किंचित वर आखली गेली. आठ वर्षांनी, १९३० च्या लंडन तहात, क्रूझरचे दोन प्रकार पाडण्यात आले. ६.१ इंचांहून मोठ्या तोफा असतील ती जड, त्याहून लहान असतील ती हलकी. ही विभागणी केवळ तोफेवरून झाली आहे, वजनाचा किंवा चिलखताचा तिच्याशी संबंध नाही. म्हणूनच लंडनला थेम्स नदीत आजही उभी असलेली 'बेलफास्ट' चांगली वजनदार असूनही कागदोपत्री हलकी क्रूझर आहे, आणि आपली 'दिल्ली' आणि 'म्हैसूर' याही ६ इंची तोफांमुळे हलक्याच.

आता आराखडा. तह झाल्यावर प्रत्येक आरमाराने एकच हिशेब मांडला, की १०,००० टनांत ८ इंची तोफा, वेग, पल्ला आणि चिलखत हे सगळे बसवायचे कसे. सगळे बसत नव्हते, काहीतरी सोडावे लागणारच होते. ब्रिटनच्या नौकारचना संचालक सर युस्टेस टेनिसन डाइनकोर्ट यांच्या हाताखाली जो आराखडा तयार झाला त्यात चिलखत सोडले गेले. आठ तोफा चार बुरुजांत, चार पंख्यांवर ८०,००० अश्वशक्ती, साडेएकतीस नॉट (ताशी सागरी मैल) वेग, सुमारे ३,४०० टन तेल, आणि ६३० फूट लांब उंच कडेचा सांगाडा. संरक्षण फक्त दारूगोळ्याच्या कोठारांभोवती खोक्यासारखे होते आणि तिथे बाजूला ४ इंच जाडीचे पत्रे दिले होते. इंजिनघराच्या बाजूला १ इंच, वरच्या डेकला सव्वा ते दीड इंचाच्या आत आणि बुरुजांना १ इंच. बुरुजावरचा हा एक इंच तोफांच्या गोळ्यांसाठी नव्हताच, तो फक्त उडणारे तुकडे अडवण्यासाठी होता.

असे का केले, हे समजण्यासाठी नकाशा समोर घ्यावा लागतो. जर्मनी किंवा जपान यांना आपल्या अंगणाजवळ लढायचे होते. ब्रिटनला मात्र सिंगापूर, सिलोन, केपटाउन, फॉकलंड असे सगळे व्यापारी मार्ग राखायचे होते, आणि त्यासाठी आठवडेच्या आठवडे बंदराबाहेर राहणारी, खवळलेल्या समुद्रातही तोफा चालवू शकणारी, खलाशांना राहायला बरी असणारी नौका हवी होती. उंच कडेमुळे लाट डेकवर येत नसे. माझ्या मते ही निवड विचारपूर्वक केलेली होती, आणि पुढे तिची किंमत काय द्यावी लागणार हे आरमाराला माहीतही होते. म्हणूनच याच मालिकेत पुढे 'सरे' आणि 'नॉर्थम्बरलँड' या दोन नौकांसाठी वेग कमी करून चिलखत वाढवलेला आराखडा तयार झाला होता, पण १९३० च्या सुरुवातीला त्या दोन्ही रद्द झाल्या.

एकूण १३ नौका बांधल्या गेल्या. 'केंट', 'बर्विक', 'कॉर्नवॉल', 'कंबरलँड', 'सफोक' आणि ऑस्ट्रेलियासाठीच्या 'ऑस्ट्रेलिया' व 'कॅनबेरा' या सात पहिल्या. नंतर 'लंडन', 'डेव्हनशायर', 'श्रॉपशायर', 'ससेक्स' या चार, ज्यांच्या बाजूंचे, पाणतीरांपासून बचावासाठी असलेले फुगवटे काढल्यामुळे त्या पाऊण नॉटने जास्त पळत. शेवटी 'नॉरफोक' आणि 'डोर्सेटशायर'. आठ इंची तोफा ७० अंशांपर्यंत वर उचलता याव्यात, म्हणजे त्यांनी विमानेही पाडता येतील, अशी मूळ कल्पना होती. एवढे अवजड बुरूज विमानाच्या मागे तितक्या वेगाने फिरवता येत नाहीत आणि गोळेही तितक्या वेगाने भरता येत नाहीत, त्यामुळे ती कल्पना प्रत्यक्षात उतरली नाही. त्याची खरी किंमत हिंदी महासागरात मोजावी लागली.

आपले छायाचित्र काउंटी वर्गाचेच आहे असे मला वर्णनावरून वाटते. कृपया तीन गोष्टी पाहून सांगाव्यात. मधले धुराडे इतर दोघांपेक्षा जाड आहे का, तिसऱ्या धुराड्याच्या मागे उंच चौकोनी खोलीसारखे बांधकाम आहे का, आणि पिछाडीला डेकची कड सरळ शेवटपर्यंत जाते की मागे एक पायरी उतरते.

उत्तर (अक्कलकोट रोड)

धुराड्यांबद्दल मी सांगू शकतो. मी इथल्या एका गिरणीत चौतीस वर्षे बॉयलरवर होतो आणि आपल्या आजोबांचे काम म्हणजे माझेच काम, फरक इतकाच की माझ्या पायाखालची जमीन हलत नव्हती.

या नौकांत आठ बॉयलर दोन बॉयलरघरांत मांडलेले होते. प्रत्येक घराचा धूर दोन दिशांना निघे. पुढच्या घराचा पुढचा धूर पहिल्या धुराड्यात, मागच्या घराचा मागचा धूर तिसऱ्यात, आणि दोन्ही घरांच्या मधल्या बाजूचे धूर एकत्र होऊन मधल्या धुराड्यात जात. म्हणून मधले जाड. वरील सदस्यांनी ही खूण अचूक सांगितली आहे. पहिल्या चाचण्यांत धूर खाली बसून पुलावर (जहाज जिथून चालवतात त्या उंच जागी) आणि मागच्या डेकवर येत असे, त्यामुळे धुराडी नंतर उंच करण्यात आली. गिरणीतही हेच असते. चिमणी ठेंगणी असली की वारा पडल्यावर काजळी सगळी खात्यात उतरते, ती सुतावर बसते, आणि विणकर येऊन बॉयलरवाल्याला जाब विचारतो.

आजोबांच्या वाट्याला कोळसा आला नसावा, कारण या नौका तेलावर चालत. तेलाच्या बॉयलरवरच्या स्टोकरचे काम फावड्याचे नसते, ते डोळ्यांचे असते. काचेच्या नळीतली पाण्याची पातळी, ज्वालेचा रंग आणि वरून येणारा हुकूम, या तिघांवर एकाच वेळी लक्ष ठेवायचे. पुलावरून पूर्ण वेगाचा हुकूम आला की बर्नर वाढवायचे आणि हवा त्याच क्षणी वाढवायची, कारण हवा मागे राहिली तर काळा धूर निघतो आणि क्षितिजापलीकडच्या शत्रूला पत्ता लागतो. पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली, तर ती वर गेली की खाली गेली हे ठरवायला काही क्षणच मिळतात, आणि अंदाज चुकला तर बॉयलरच्या नळ्या जळतात. मी हे दोनदा अनुभवले आहे. आठ इंची गोळे आसपास पडत असताना, पोलादाच्या बंद खोलीत, जिथे बाहेरचे काहीच दिसत नाही, तिथे उभे राहून हे करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. चिलखत एक इंच की चार इंच हा प्रश्न त्या माणसाच्या बाजूनेही पाहावा, एवढीच विनंती.

उत्तर (होटगी रोड)

मी भारतीय नौदलातून निवृत्त आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नाला थेट उत्तर देतो. 'कॉर्नवॉल' आणि 'डोर्सेटशायर' यांच्या बुडण्याचे कारण पातळ चिलखत आहे, असे मला वाटत नाही, आणि त्यासाठी या दोन नौकांमध्येच पुरावा आहे.

१९३० च्या दशकाच्या मध्यात 'केंट' गटातल्या ब्रिटिश नौकांची दुरुस्ती झाली तेव्हा इंजिनघरांच्या बाजूला साडेचार इंच जाडीचा चिलखती पट्टा बसवण्यात आला. 'कॉर्नवॉल'ला हा पट्टा होता, 'डोर्सेटशायर'ला नव्हता. त्या दिवशी दोघींवर एकाच प्रकारच्या विमानांनी, एकाच पद्धतीने, एकाच वेळी हल्ला केला आणि दोघी काही मिनिटांच्या अंतराने बुडाल्या. बाजूचा पट्टा समोरून येणाऱ्या तोफगोळ्यासाठी असतो. वरून सूर मारून येणाऱ्या विमानाचा बॉम्ब डेकमधून आत शिरतो, आणि तिथे दोघींचे संरक्षण सारखेच तोकडे होते.

त्या दिवसाचा घटनाक्रम असा. ४ एप्रिलला एका कॅटलिना टेहळणी विमानाने जपानी अॅडमिरल नागुमोच्या विमानवाहू जहाजांचा ताफा सिलोनच्या आग्नेयेला पाहिला. 'डोर्सेटशायर'ची कोलंबोत डागडुजी चालू होती, ती अर्धवट सोडून दोन्ही क्रूझर रात्री बाहेर पडल्या, जेणेकरून सकाळी कोलंबोवर हल्ला झाला तर त्या बंदरात सापडू नयेत आणि ब्रिटिश अॅडमिरल सॉमरव्हिल यांच्या ताफ्याला जाऊन मिळाव्यात. सकाळी कोलंबोवर हल्ला झालाच. दुपारी एकच्या सुमारास 'तोने' या जपानी क्रूझरच्या टेहळणी विमानाला या दोघी दिसल्या. पावणेदोनच्या आसपास लेफ्टनंट कमांडर एगुसा यांच्या नेतृत्वाखाली ५३ बॉम्बफेकी विमाने आली. ती सूर्य पाठीशी घेऊन नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या, बाजूने उतरली, म्हणजे नौकांच्या विमानविरोधी तोफांना ज्या दिशेला सर्वांत कमी मारा करता येत होता त्या दिशेने. दोन वाजेपर्यंत दोन्ही नौका पाण्याखाली होत्या. ४२४ माणसे गेली. उरलेले १,१२२ जण तेलाने माखलेल्या पाण्यात, थोड्याशा होड्या आणि तराफ्यांच्या आधाराने, दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तरंगत राहिले, आणि मग 'एंटरप्राइज' ही क्रूझर व 'पॅलाडिन', 'पँथर' या विनाशिका त्यांच्यापर्यंत पोहोचल्या. एप्रिलची दुपार कशी असते हे सोलापूरकराला सांगायला नको. तिथे तर विषुववृत्ताजवळचे ऊन, सावली कुठेच नाही, आणि खारे पाणी व तेल अंगावर. 'डोर्सेटशायर'चे कप्तान ऑगस्टस एगार स्वतः पाण्यात होते आणि माणसांना त्यांनी एकत्र धरून ठेवले. एवढी माणसे वाचली यात त्यांच्या या कामाचा मोठा वाटा आहे, असे मी मानतो.

याच 'डोर्सेटशायर'ने वर्षभरापूर्वी, २७ मे १९४१ रोजी, मोडकळीला आलेल्या 'बिस्मार्क' या जर्मन युद्धनौकेवर शेवटचे पाणतीर सोडले होते आणि तिचे ऐंशीहून अधिक खलाशी पाण्यातून उचलले होते. पाणबुडीच्या इशाऱ्यामुळे शेकडो जणांना मागे सोडून 'डोर्सेटशायर'ला निघावे लागले. 'बिस्मार्क'चा माग काढण्याचे श्रेयसुद्धा याच वर्गाला जाते. आइसलँड आणि ग्रीनलँड यांच्यामधल्या डेन्मार्क सामुद्रधुनीत 'सफोक'ने रडारच्या साहाय्याने आणि 'नॉरफोक'ने तिच्यासोबत राहून पाठलाग केला.

पातळ चिलखताचा दोष खरोखर दिसला तो 'कॅनबेरा'च्या बाबतीत. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटेपूर्वी, प्रशांत महासागरातल्या साव्हो बेटाजवळ, जपानी क्रूझरांचे दोन डझनांहून अधिक गोळे दोन-चार मिनिटांत तिच्यावर पडले. बॉयलरघरे निकामी झाली, वाफ गेली, वीज गेली, पंप बंद पडले, आणि आग विझवायला काही उरले नाही. ८४ जण मरण पावले. सकाळी अमेरिकन विनाशिकांनी तिला बुडवले, आणि त्यासाठीसुद्धा त्यांना बरेच गोळे आणि पाणतीर खर्च करावे लागले. सांगाडा कच्चा नव्हता हे त्यावरून कळते. तिच्या जागी ब्रिटनने 'श्रॉपशायर' ऑस्ट्रेलियाला दिली.

या वर्गाचे ज्या कामासाठी आराखडे काढले होते, ते काम त्याने उत्तम केले, असे माझे मत आहे. व्यापारी मार्गांवर वेश पालटून फिरणाऱ्या जर्मन जहाजांपैकी 'पिंग्विन'ला 'कॉर्नवॉल'ने ८ मे १९४१ रोजी याच हिंदी महासागरात बुडवले, आणि 'अटलांटिस'ला 'डेव्हनशायर'ने त्याच वर्षी नोव्हेंबरात. 'पिंग्विन'च्या पोटात सुरुंगांचा साठा होता, त्याचा स्फोट झाला आणि जहाजावरचे बहुतेक कैदीही, म्हणजे पकडलेल्या व्यापारी जहाजांचे खलाशी, जर्मनांबरोबरच गेले. उत्तरेत १९४३ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी 'नॉरफोक'च्या ८ इंची गोळ्याने 'शार्नहॉर्स्ट' या जर्मन युद्धनौकेचे पुढचे रडार उडवले आणि ती अंधारात आंधळी झाली. त्या दिवशी 'नॉरफोक'लाही मोठ्या तोफांचे दोन गोळे बसले, एका बुरुजाचे कोठार पाण्याने भरावे लागले, पण ती लढत राहिली.

उत्तर (रेल्वे लाइन्स)

होटगी रोडच्या सदस्यांचा पट्ट्याचा मुद्दा निर्णायक आहे. मी माझे मत थोडे बदलतो. दोष चिलखतापेक्षा आकाशाकडे पाहणाऱ्या लहान तोफांच्या अपुरेपणात होता, आणि त्याहून अधिक, डोक्यावर स्वतःचे एकही लढाऊ विमान नसताना त्या दोघींना तिथून जावे लागले यात होता.

एक भर घालतो. १७ एप्रिल १९४० रोजी 'सफोक'ने नॉर्वेतल्या स्टाव्हँगर विमानतळावर मारा केला आणि परतताना जवळजवळ सात तास जर्मन विमाने तिच्यावर बॉम्ब टाकत होती. पिछाडी फुटून आत पाणी भरले, आणि ती स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्कापा फ्लो या तळाला पोहोचली तेव्हा तिचा मागचा डेक पाण्याच्या पातळीला टेकला होता. तरीही ती पोहोचली. हा मागचा डेक मुळात बाकीच्या बहिणींपेक्षा एक मजला खाली होता. पट्टा आणि विमानाचे हँगर (मी विचारलेले चौकोनी बांधकाम ते हेच) बसवताना १०,००० टनांची मर्यादा ओलांडू नये म्हणून दुरुस्तीच्या वेळी पिछाडीचा एक मजला कापून टाकण्यात आला होता. संपूर्ण वर्गात हे फक्त 'सफोक' आणि 'कंबरलँड' या दोघींचे झाले. पायरीबद्दल मी विचारले होते ते याच कारणासाठी.

प्रश्नकर्त्याकडून (जुळे सोलापूर)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत, मनःपूर्वक आभार. काल रात्री वडिलांकडे चादरीतले धागे मोजायचे जे पितळी घडीचे भिंग असते ते घेऊन छायाचित्र दिव्याखाली धरले. एका वेळी एक इंचभर जागाच दिसते, त्यामुळे नाळेपासून सुरुवात करून हळूहळू मागे सरकत गेलो. मधले धुराडे नक्की जाड आहे. तिसऱ्याच्या मागे उंच चौकोनी खोके आहे आणि त्याच्या भिंतीला एक सरळ काळी रेघ दिसते, ती दाराची असावी. शेवटच्या बुरुजाजवळ कड अचानक एक मजला खाली उतरते. इतक्या वर्षांत ही पायरी मला दिसली नव्हती, कारण तिथे छायाचित्राला घडी पडली आहे आणि मी ती घडीच समजत होतो.

म्हणजे 'सफोक' किंवा 'कंबरलँड'. अक्कलकोट रोडच्या काकांचे उत्तर मी वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. काचेतल्या पाण्याच्या पातळीचा भाग आल्यावर त्यांनी मला थांबवून पुन्हा वाचायला सांगितले, कारण आजोबा म्हातारपणी झोपेत 'ग्लास बघ, ग्लास बघ' म्हणत असत आणि घरात सगळ्यांना वाटे की त्यांना पाणी प्यायला हवे आहे.

उत्तर (होटगी रोड)

आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगावा. १९४४ साली या दोन्ही नौका ब्रिटनच्या पूर्वेकडील आरमारात होत्या आणि त्रिंकोमाली हा त्या आरमाराचा मुख्य तळ होता, त्यामुळे स्थळ आणि साल दोन्ही जुळतात. 'सफोक' १९४८ साली मोडीत गेली. 'कंबरलँड' युद्धानंतर नव्या यंत्रणांच्या चाचण्यांसाठी वापरली गेली आणि १९५९ साली मोडली, ती या वर्गातली शेवटची. छायाचित्राच्या मागे आजोबांच्या पेन्सिलीला हात न लावता, खाली वेगळ्या कागदावर दोन्ही नावे लिहून तो कागद छायाचित्रासोबत ठेवावा, असे मी सुचवीन.